तो पळाला का नाही?

दहा वर्षांच्या एका मुलाने विचारलेला प्रश्न मला गेली काही वर्षे सोडायला तयार नाही. प्रश्न साधा होता, आणि ज्या घटनेतून तो निघाला तीही जगाच्या दृष्टीने अगदीच किरकोळ होती. परंतु त्या घटनेत माझा स्वतःचा दोष होता. म्हणूनच वाचकांपुढे ती मांडताना थोडा संकोच वाटतो. तरीही मांडतो, कारण अशी चूक हातून घडलेला मी एकटाच असेन असे वाटत नाही.

तिवसा हे अमरावती-नागपूर महामार्गावरचे तालुक्याचे गाव. गाव संपले की पऱ्हाटी, तूर, सोयाबीन आणि मधूनमधून संत्र्याच्या बागा. शिक्षकाच्या नोकरीतून निवृत्त झाल्यावर मी येथेच राहिलो. शेजारच्या घरातील मुलाला त्याच्या वडिलांनी अमरावतीच्या बाजारातून एक ससा आणून दिला होता. पांढराशुभ्र, कापसाच्या बोंडासारखा, गुलाबी डोळ्यांचा. मुलाने त्याच्यासाठी फळांच्या खोक्याचा पिंजरा केला. शाळेतून आला की तो आधी सशापाशी बसे आणि मग जेवायला जाई. त्या घरची कुत्री सशाच्या अंगाला अंग लावून पडून राही. सशालाही तिचे भय वाटत नसे.

प्रायश्चित्तकाळाचे दिवस होते. त्या काळात माणूस जरा अधिकच उपदेश करू लागतो, तसा मीही करू लागलो होतो. एके दिवशी मी त्या मुलाला म्हणालो, “अरे, देवाने ज्याला मोकळे निर्माण केले त्याला आपण कोंडून ठेवावे, हे बरे नव्हे. तुला कोणी पिंजऱ्यात ठेवले तर?” मुलाने मान खाली घातली. दोन दिवस तो गप्प होता. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याने ससा पिशवीत घातला, गावाबाहेरच्या एका वावराच्या धुऱ्यावर नेला आणि सोडून दिला. परत आल्यावर तो मला सांगायला आला. त्याचे डोळे भरलेले होते, पण चेहऱ्यावर एक समाधान होते. मीही त्याच्या पाठीवरून हात फिरवला. तेव्हा मला धन्य वाटले होते, हे येथे कबूल केले पाहिजे.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो पुन्हा धुऱ्यावर गेला. तेथे पांढऱ्या केसांचे पुंजके तेवढे पडलेले होते. शेजारच्या वावरात जागलीला असलेल्या गड्याने त्याला सांगितले की, ससा रात्रभर होता त्याच जागी बसून राहिला. पहाटे दोन कुत्री आली. ससा त्यांच्याकडे पाहत राहिला. दुपारी मुलगा माझ्या दारात उभा राहिला आणि त्याने विचारले, “गुर्जी, थो पयाला काहून नाई?”

मी उत्तर दिले नाही. उत्तर मला ठाऊकच नव्हते. त्याची आजी मागे उभी होती. ती मला दोष देण्यासाठी आली नव्हती. पण जाताना म्हणाली, “रानातल्याले घरी आनू नये, अन् घरच्याले रानात टाकू नये, गुर्जी.” आयुष्यभर शिकवण्याचे काम केलेल्या माणसाला असा धडा क्वचितच मिळतो.

त्यानंतर मी सशांविषयी जे हाती लागले ते वाचत गेलो. प्रारंभी हेतू केवळ स्वतःचे समाधान करण्याचा होता. हळूहळू ध्यानात आले की माझी पहिली चूक शब्दापासूनच झाली होती. मराठीत आपण दोन अगदी भिन्न प्राण्यांना ‘ससा’ हे एकच नाव दिले आहे. आपल्या तुरीच्या शेतातून टुणकन उडी मारून दिसेनासा होतो तो रानससा या भूमीचा मूळ रहिवासी. तो बीळ करीत नाही. गवतात अंगापुरता खळगा करून राहतो. त्याची पिले अंगावर केस आणि उघडे डोळे घेऊनच जन्मतात, आणि लवकरच धावू लागतात. त्याचा रंग मातीचा, पाय लांब, आणि सारे जीवन वेगावर विसंबलेले. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला अभय दिले आहे. त्याला पकडणे किंवा पाळणे हा गुन्हा आहे.

पिंजऱ्यातला पांढरा ससा हा त्याचा लांबचा नातेवाईक खरा, परंतु दोघांच्या प्रजाती वेगळ्या, गुणसूत्रांची संख्याही वेगळी. रानसशाची अठ्ठेचाळीस, याची चव्वेचाळीस. दोघांची संतती होत नाही. पाळीव सशाचा मूळ पुरुष हा स्पेन, पोर्तुगाल आणि दक्षिण फ्रान्स या भागांतला. तो जमिनीत बिळे करून कळपाने राहतो. त्याची पिले आंधळी आणि उघडी जन्मतात आणि बिळाच्या उबेत वाढतात. याचा अर्थ असा की ज्याला मी ‘त्याचे रान’ म्हणत होतो ते त्याचे रान कधीच नव्हते. वऱ्हाडच्या काळ्या मातीत त्याच्या पूर्वजांपैकी कोणीही कधी राहिले नव्हते. त्या मुलाने त्याला घरी पाठवले नव्हते, परदेशात सोडून दिले होते. ईस्टरच्या शुभेच्छापत्रांवर जो ससा आपल्या घरी येतो तोही जर्मन लोकप्रथेत मुळात रानससाच होता. पुढे चित्रकारांनी त्याला गुबगुबीत पाळीव ससा करून टाकले. तेव्हा ही गल्लत केवळ मराठीची नाही.

आता हा स्पेनचा प्राणी माणसाच्या घरात आला कसा? याविषयी एक कथा पुष्कळ पुस्तकांत छापली गेली आहे, आणि ती आपल्या ख्रिस्तसभेशी निगडित आहे. कथा अशी की, इसवी सन ६०० च्या सुमारास पोप थोर ग्रेगरी यांनी फर्मान काढले की, सशाची नुकती जन्मलेली पिले हे मांस नसून मासळीसारखे समजावे, म्हणून उपवासाच्या काळातही ती खावीत. मग फ्रान्समधील मठवासीयांनी पिले सहज मिळावीत म्हणून ससे कोंडून पाळले, आणि त्यातून पाळीव ससा जन्माला आला. ही कथा ऐकायला मोठी चतुर आहे. धर्माच्या पळवाटांवर हसायला ती सोयीचीही आहे. परंतु ती खरी नाही. २०१८ साली ऑक्सफर्डच्या संशोधकांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी तिचा माग काढला, तेव्हा पोप ग्रेगरींचे असे कोणतेही फर्मान सापडले नाही. सापडला तो दुसराच ग्रेगरी, तूर नगराचा बिशप व इतिहासकार. त्याने सहाव्या शतकात रोक्कोलेन नावाच्या एका माणसाविषयी लिहिताना, तो उपवासाच्या पवित्र काळात सशांची पिले खात असे आणि पुढे लवकरच मरण पावला, एवढेच नोंदवले आहे. म्हणजे मूळ मजकुरात परवानगी नव्हतीच, होती ती निंदेची छटा. नावांचा घोटाळा झाला, एकाचे दुसऱ्याने उतरवून घेतले, आणि घोटाळ्याचा इतिहास झाला.

मग खरे काय? संशोधक म्हणतात की सशाचे पाळीव होणे ही एका वर्षाची किंवा एका आज्ञेची गोष्ट नव्हे. रोमन लोक कुंपण घातलेल्या आवारांत रानससे आणि ससे राखत. शिकारीसाठी व ताटासाठी. मध्ययुगात सरदारांच्या व मठांच्या जमिनींवर सशांसाठी मुद्दाम राखीव जागा असत. नंतर खुराडी आली, पिंजरे आले. बहुतेक ठळक जाती मात्र अलीकडच्या, गेल्या दोन-तीनशे वर्षांतल्या आहेत. कोणी एकाने ठरवले नाही. हजारो माणसांनी आपल्या छोट्या छोट्या गरजांपायी, जो पळत नाही तो ठेवला, जो चावतो तो मारून खाल्ला, ज्याचे केस सुंदर त्याची जोडी लावली.

ही माहिती मला फर्मानाच्या कथेपेक्षा अधिक अस्वस्थ करते. फर्मान असते तर दोष देण्यासाठी कोणीतरी सापडला असता. येथे फर्मान नाही, सही नाही, तारीख नाही. प्रत्येकाने थोडेसेच केले. आणि जे काम सर्वांनी थोडे थोडे करून घडते, त्याचे उत्तरदायित्व आपल्याकडे आहे असे कोणालाच वाटत नाही.

सशांच्या जातींची यादी वाचू लागलो म्हणजे मला ती प्राण्यांची यादी वाटत नाही, माणसाच्या इच्छांची वाटते. मांस हवे होते, म्हणून बेल्जियममधील गेंट परिसरात फ्लेमिश जायंट वाढवला गेला. सहासात किलो वजनाचा, लहान मुलाला उचलता न येणारा. लोकर हवी होती, म्हणून अंगोरा. त्याचे नाव तुर्कस्तानातील आजच्या अंकारा शहरावरून आले आहे. त्याचे केस वाढतच राहतात, आणि दर तीन महिन्यांनी कोणी कातरले नाहीत तर त्यांची जटा होऊन तो आजारी पडतो. फर हवी होती, म्हणून चिंचिला. दक्षिण अमेरिकेच्या पर्वतांतील चिंचिला नावाचा प्राणी फरसाठी मारून मारून दुर्मीळ झाल्यावर तसाच राखाडी रंग सशाच्या अंगावर उतरवण्यात आला. फ्रान्समध्ये १९१३ साली तो प्रथम प्रदर्शनात मांडला गेला. केवळ नवलाई हवी होती, म्हणून इंग्लंडमध्ये लॉप ससा घडवला गेला. त्याचे दोन्ही कान पसरून मोजले तर अंतर पन्नास सेंटीमीटरहून अधिक भरते. स्वतःच्याच कानांवर त्याचा पाय पडतो. हिमालयन जातीचा ससा तर पांढरा जन्मतो आणि नाक, कान, पाय, शेपटी या थंड राहणाऱ्या भागांवर तेवढा काळा होतो. त्याच्या अंगातला रंग उष्णतेने दबतो आणि थंडीत उमटतो.

नावांवरही विसंबू नये. त्या मुलाचा ससा बहुधा न्यूझीलंड व्हाइट या जातीच्या वळणाचा होता. ही जात न्यूझीलंडची नव्हे. ती अमेरिकेत विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत घडवली गेली. वजन चार ते पाच किलो, मादी महिन्याभरात विते, एका वेताला सहा-आठ पिले, वाढ झपाट्याची आणि स्वभाव अतिशय शांत. आपल्या देशात राजस्थानातील अविकानगर येथील केंद्रीय मेंढी व लोकर संशोधन संस्थेने या जातीवर, तसेच सोव्हिएत चिंचिला, ग्रे जायंट, व्हाइट जायंट यांसारख्या जातींवर बरेच काम केले. अंगोरासाठी मात्र त्याच संस्थेला हिमाचल प्रदेशातील कुलू खोऱ्यात, गडसा येथे केंद्र चालवावे लागले. कारण उघड आहे. सशाला घाम येत नाही. अंगातली उष्णता तो मुख्यतः कानांवाटे बाहेर टाकतो. हवा तिशीच्या वर गेली की तो धापा टाकू लागतो. आणि आपल्या वऱ्हाडात मे महिन्यात पारा पंचेचाळीस ओलांडतो.

या यादीत एका धर्मगुरूचेही नाव आहे. १९१९ साली फ्रान्सच्या सार्त जिल्ह्यातील एका शेतकऱ्याच्या घरी सशाच्या वेतात एक विचित्र पिलू जन्मले. वरचे राठ केस नाहीत, सगळे अंग मखमलीसारखे. शेतकऱ्याला ते रोगट वाटले. परंतु आबे जिले नावाच्या गावच्या धर्मगुरूने ती पिले जपली, त्यांचा वंश वाढवला आणि त्या जातीला राजेशाही नाव दिले. तीच आजची रेक्स. १९२४ साली पॅरिसच्या प्रदर्शनात तिची वाहवा झाली. त्या धर्मगुरूविषयी मला दोन गोष्टी एकाच वेळी वाटतात. ज्याला इतरांनी टाकाऊ ठरवले त्याला त्याने जपले, ही त्याची दृष्टी मला आपल्या श्रद्धेला साजेशी वाटते. पण ती मखमल टिकवण्यासाठी जवळच्या रक्ताच्या सशांचा संकर करावा लागला, आणि सुरुवातीचे रेक्स दुबळे निपजले, हेही तितकेच खरे. जपणे आणि आपल्यासाठी घडवणे यांच्यामधली रेषा इतकी बारीक असते.

ती रेषा कोठे पुसली जाते हे पाहायचे असेल तर नेदरलँड ड्वार्फ ही जात पाहावी. सुमारे किलोभर वजन, गोल डोके, आखूड कान. मोठा झाला तरी तो पिलूच दिसतो, आणि म्हणूनच मुलांना व मोठ्यांनाही त्याचा मोह पडतो. हा ठेंगणेपणा एका जनुकातून येतो. ते जनुक आई-बापांपैकी एकाकडून आले तर ससा ठेंगणा होतो, दोघांकडून आले तर पिलू जन्मल्यावर काही दिवसांतच मरते. ठेंगण्याशी ठेंगण्याची जोडी लावली की सरासरीने चारांपैकी एक पिलू मरणार, हे गणित आधीच ठरलेले. हे गणित ज्या नियमाने चालते तो ब्रनो येथील मठाच्या बागेत वाटाण्यांच्या झाडांवरून शोधून काढणारा ग्रेगोर मेंडेल हाही एक संन्यस्त धर्मगुरूच होता. १८६६ साली त्याने तो प्रसिद्ध केला. नियम निसर्गाचा आहे. त्यात पाप नाही. परंतु नियम ठाऊक असताना, केवळ खेळण्यासारखा दिसणारा प्राणी हवा म्हणून ठरावीक मृत्यू मान्य करणे, याला आपण काय म्हणावे?

आता मुलाच्या प्रश्नाकडे येतो. तो पळाला का नाही? २०१८ सालीच युरोपातील संशोधकांनी रानातल्या व पाळीव सशांच्या मेंदूंची चित्रे घेऊन ती ताडून पाहिली. दोन्ही प्रकारचे ससे सारख्याच परिस्थितीत वाढवलेले होते. म्हणजे फरक वळणाचा नव्हता, रक्तातला होता. पाळीव सशांच्या मेंदूत भीती जागवणारा भाग लहान आढळला आणि भीतीला लगाम घालणारा पुढचा भाग मोठा. दुसऱ्या शब्दांत सांगायचे तर, पिढ्यान्‌पिढ्यांच्या निवडीने आपण सशाच्या मेंदूतली भीतीची जागाच आक्रसून टाकली आहे. त्या पांढऱ्या सशाला मातीचा रंग नव्हता, तो आपण काढून घेतला होता. त्याच्या गुलाबी डोळ्यांना नीट दिसत नव्हते, कारण डोळ्यांतले रंगद्रव्यही त्याच रंगाबरोबर गेले होते. आणि कुत्रा पाहून अंगात जी वीज सळसळावी लागते ती मंद झाली होती, कारण पळणाऱ्या सशाला माणसाने कधी वंश वाढवू दिला नव्हता. त्यातून या सशाने तर कुत्रीच्या कुशीत झोप घेतलेली. तो पळाला नाही, कारण त्याचे पळणे त्याच्या जन्माआधीच आपण विकत घेतले होते.

आणि या शांतपणाचे आपण काय केले? १९४४ साली अमेरिकेत एक चाचणी बसवली गेली. त्यात सौंदर्यप्रसाधनांतली व इतर रसायने सशाच्या डोळ्यांत घालून जळजळ होते का ते पाहत. त्यासाठी पांढरा पाळीव ससाच निवडला गेला. तो स्वस्त, हाताळायला सोपा आणि धडपड न करणारा. भारतात प्रसाधनांसाठी प्राण्यांवर चाचण्या करण्यास २०१४ साली बंदी झाली, हे चांगले झाले. मी विज्ञानाचा शत्रू नाही. १८८५ साली लुई पाश्चर यांनी पिसाळलेल्या कुत्र्याच्या दंशावर जी पहिली लस दिली ती सशाच्या मज्जारज्जूपासूनच बनवलेली होती, आणि त्या लसीपायी वाचलेल्या मुलांची गणती करता येणार नाही. परंतु ज्याला आपणच मवाळ केले त्याच्या मवाळपणाचा असा उपयोग लिपस्टिकसाठी करताना आपला हात कापला नाही, ही गोष्ट विसरण्याजोगी नाही.

येथे वाचक मला अडवतील. कोणी म्हणेल, गुरुजी, माणसाने घडवलेले सगळेच वाईट असेल तर आपल्या दारातली गाय कोणी घडवली? प्रश्न योग्य आहे. वर्धा नदीपलीकडे आर्वी-आष्टी-कारंजा भागात गवळाऊ जातीची गुरे आहेत. पांढरी, सडपातळ, चपळ, उन्हाला न डगमगणारी. तीही माणसाच्या निवडीतूनच घडली. पण ती या मातीत, या उन्हात, बैलाबरोबर स्वतःही घाम गाळणाऱ्या माणसांच्या हाताखाली घडली. तिच्या गुणांत तिचेही भले होते. तेव्हा जात घडवणे हेच पाप, असे मी म्हणत नाही. मांसासाठी ससे पाळून चार पैसे मिळवणारे कुटुंबही दोषी नाही. १९९२ च्या कॅथलिक धर्मशिक्षण ग्रंथाने अन्नवस्त्रासाठी प्राण्यांचा उपयोग मान्य केला आहे. मात्र त्यांना विनाकारण यातना देणे हे माणसाच्याच प्रतिष्ठेला बाधक आहे, असेही त्याने बजावले आहे.

दुसरा कोणी म्हणेल, ज्या वऱ्हाडात शेतकऱ्यांनी कर्जापायी जीव दिले तेथे एका सशाचे काय घेऊन बसलात? हा आक्षेप मला खरोखर टोचतो. त्याला माझ्याजवळ डौलदार उत्तर नाही. एवढेच म्हणतो की, सशाची काळजी घ्यायला माणसाच्या ताटातले काही काढावे लागत नाही. आणि एखाद्याला आपल्या गरजेप्रमाणे वाकवायचे, मग गरज संपली की ‘आता तू मोकळा’ म्हणून सोडून द्यायचे, ही रीत आपण केवळ सशांपुरती ठेवलेली नाही. म्हातारा गडी, म्हातारा बैल, कधी कधी म्हातारे आईबापही या रीतीतून सुटत नाहीत.

मोकळे सोडणे हा माझा उपदेश होता. आज मला दिसते की त्या उपदेशात दयेइतकाच आळस होता. प्राणी ही वस्तू आहे असे म्हणणारा माणूस काळजीतून सुटतो. प्राणी मोकळाच असला पाहिजे असे म्हणणाराही सुटतो. दोघांनाही रोजचे पाणी बदलावे लागत नाही. मोकळे सोडण्याचा परिणाम ऑस्ट्रेलियाने दोन्ही अंगांनी पाहिला आहे. १७८८ साली पहिल्या जहाजांबरोबर तेथे गेलेल्या पाळीव सशांचा रानात फैलाव झाला नाही. १८५९ साली एका श्रीमंत जमीनदाराने शिकारीच्या हौसेसाठी इंग्लंडहून रानटी रक्ताचे ससे आणवले, आणि त्यांनी पुढे सारा देश पोखरला. शेवटी १९५० साली माणसाने त्यांच्यात मुद्दाम रोग सोडला, आणि ससे डोळे सुजून रस्तोरस्ती मेले. एकदा चुकीच्या जागी सोडले म्हणजे नंतर मारावे लागते.

उत्पत्तीच्या पुस्तकात परमेश्वर प्राण्यांना आदामापुढे आणतो आणि आदाम त्यांना नावे ठेवतो. लहानपणी मला त्या प्रसंगात अधिकार तेवढा दिसे. आता वाटते, आपण ज्याला नाव देतो त्याची हाकही आपल्यालाच ऐकावी लागते. मुलाला नाव ठेवणारा बाप त्याला दुसऱ्या दिवशी रस्त्यावर सोडीत नाही. सशांच्या जातींना तर आपण नुसती नावे दिली नाहीत, त्यांचे कान, केस, वजन, रंग आणि भयसुद्धा आपल्या मापाने बेतले. त्यांच्या वाट्याची भीती आपण काढून घेतली असेल तर ती आता आपण बाळगली पाहिजे. कुत्र्याची भीती, उन्हाची भीती, त्यांना एकटे पडण्याची भीती. त्यांच्याऐवजी आपण घाबरायचे आणि आपणच दार लावून घ्यायचे.

पुढच्या वर्षी त्या मुलाने वडिलांजवळ पुन्हा ससा मागितला नाही. त्याने तो माझ्याजवळ मागितला. मी बराच वेळ गप्प राहिलो. मग आम्ही दोघे अमरावतीला गेलो. विक्रेत्याने ठेंगण्या जातीचा म्हणून एक चिमुकला ससा दाखवला. तो खरोखर मोहक होता. मुलाने माझ्याकडे पाहिले. जे वाचले होते ते मी त्याला सांगितले होते. आम्ही तो घेतला नाही. एका कोपऱ्यात दोन साधे ससे होते, एक राखाडी आणि एक पांढरा, कोणत्याही नावाच्या जातीचे नसलेले. ससा कळपाचा प्राणी असल्याने दोन घेतले. विक्रेत्याकडून दोन्ही माद्या आहेत याची खात्री करून घेतली, कारण पुढच्या पिलांचे काय करायचे हे आम्हांला ठाऊक नव्हते.

पिंजरा आता माझ्या ओसरीत आहे, कारण ती उत्तरेकडे आहे. मुलगा सकाळी लसूणघास आणतो आणि शाळेत जातो. मार्च सरला की दुपारी बारा वाजता मी गोणपाट भिजवून पिंजऱ्यावर टाकतो, दोनदा पुन्हा भिजवतो, आणि आत एक ओले कौल ठेवतो. ससे त्यावर पोट टेकून पडतात. पलीकडची कुत्री ओसरीशी आली की मी उठून तिला हाकलतो. ते मात्र जागचे हलत नाहीत.

मुलाला त्याच्या प्रश्नाचे उत्तर मी एकदा दिले. समजेल अशा भाषेत, सगळे. तो ऐकत राहिला. मग म्हणाला, “म्हंजे त्याची चूक नोयती.” मी म्हणालो, नव्हती. थोड्या वेळाने त्याने विचारले, “अन् माही?” मी त्याला म्हणालो, “तुझी नव्हती, माझी होती.” मग त्याने गोणपाट उचलले आणि भिजवायला हौदाकडे नेले.